अकरा सेकंद

ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून एक माणूस आला,
गळ्यात घड्याळ, हातात फळी,
चार दिवस माझ्या मागोमाग चालला.
एका दाराला अकरा सेकंद, असं त्याने लिहिलं.
पायऱ्या चढायला चार, पेटीच्या झाकणाला दोन,
पत्र सोडायला एक, उतरायला चार.
बेरीज बरोबर होती.

अँब्रोज स्नूकच्या दाराशी मात्र घड्याळ थांबेचना.
अँब्रोजला आता दिसत नाही.
विजेचं बिल मी वाचून दाखवते,
आकडा ऐकून तो एक शिवी हासडतो,
मग बोट बुडाली त्या साली वाचलेल्या
मांजराची गोष्ट सांगतो,
कालचीच.
नऊ मिनिटं.
त्या माणसाने जरा विचार केला,
आणि रकान्यात लिहिलं : इतर.

जानेवारीत कळलं.
रेन्स आर्ममध्ये यापुढे दारोदार टपाल नाही.
टेकडीखाली, अग्निशमन केंद्राशेजारी
करड्या लोखंडाचं एक कपाट,
घरटी एक खण, खणाला एक किल्ली.
आम्ही पाच जणी-जण,
उरणार दोन. तेही कंत्राटी.

युनियनची सभा चर्चच्या तळघरात.
व्हर्ना कीपिंगला भाषण येत नाही,
सव्वीस वर्षं तिने फक्त पत्रं निवडली,
गुडघा त्यातच गेला.
गस हाइन्स म्हणाला, खरं बोलू का?
माझा स्वतःचा पोरगा पत्र लिहीत नाही.
कोण रडणार आहे आपल्यासाठी?
कुणी उत्तर दिलं नाही,
कारण ते अर्धं खरं होतं.
व्हर्नाने चहा ओतला. म्हणाली,
मग नको म्हणू देत त्यांना.
पण दारात उभं राहून, आपल्या तोंडावर.

सतरा दिवस संप.
उणे एकोणीस. पिंपात जळणारी फळकुटं,
समोरून ऊब, पाठीत बर्फ.
रेज पार्डीने ट्रकची काच खाली करून
आम्हाला ऐतखाऊ म्हटलं.
त्याच्या पेन्शनचा चेक आत अडकलेला.
आठव्या दिवशी आम्ही ठरवलं,
चेक तेवढे पोचवायचे, बिनपगारी,
दंडावर संपाची पट्टी तशीच ठेवून.
रेजने पाकीट घेतलं, दार लावलं.
अकरा सेकंदही लागले नाहीत.

मग राजधानीत कायदा झाला
आणि कायद्याने आम्हाला कामावर पाठवलं.
पहिल्या सकाळच्या गोणीत
एकसारखी पांढरी पाकिटं, प्रत्येक घराच्या नावाने :
एक जूनपासून आपल्या दारी टपाल येणार नाही,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
ही आम्हीच वाटायची.

गसने गठ्ठा उचलला
आणि शेगडीचं झाकण उघडलं.
मी पाहत होते. अडवलं नाही, हे कबूल करते.
व्हर्ना लंगडत आली,
त्याच्या हातातून गठ्ठा काढून घेतला.
पत्र गिळायचं नसतं, गस.
त्यांनी लिहिलेलंसुद्धा नाही.

म्हणून मी वाटली.
माझ्याच नोकरीचं सुतक
घरोघर सांगत फिरल्यासारखं वाटलं.
अँब्रोजने ते दोनदा वाचायला लावलं.
आज मांजर नाही, शिवीही नाही.
विचारलं, खाली त्यांचा पत्ता आहे का?
आहे.
मग लिही.
आणि मी पायरीवर बसून, एक मोजा काढून,
तो सांगेल ते लिहीत गेले :
साहेब, तुमचं कपाट टेकडीखाली आहे,
मी टेकडीवर आहे आणि आंधळा आहे.
किल्ली परत पाठवत आहे.
ही बाई रोज येते म्हणून मला वार कळतो.
पुढे बरंच होतं. काही शब्द
मी सौम्य करू का विचारलं.
नको म्हणाला.
बोटं निळी पडली. वेळ मोजली नाही.

जूनमध्ये काय होईल, मला माहीत नाही.
कायदा तोच आहे, कपाटाचा चौथरा ओतून झालाय.
पण शुक्रवारी संध्याकाळी
बाहेर जाणारी गोणी बांधताना,
जी व्हर्ना एका हाताने ट्रकमध्ये फेकते,
ती तिला उचलेना.
तिने पुन्हा ओढून पाहिली,
आणि मान न वळवता हाक मारली :
गस,
जरा त्या बाजूने धर.