कॅसेट नंबर ४१७

रूवीत, सोनारांच्या गल्लीमागं बीरानक्काचं दुकान.
तीन बाजूंनी कॅसेटी,
चौथ्या बाजूला बीरानक्का आणि त्याचा खोकला.
कौटुंबिक वर, मारामारी मधे,
भुतं सगळ्यात खाली, फरशीलगत,
ज्याला हवीत त्यानं गुडघे टेकावेत.
मी टेकायचो. दर गुरुवारी.
भिंतीवर पाटी: रिवाइंड न केल्यास शंभर बैसा दंड.

दिवसा मी एसी दुरुस्त करायचो.
मालक सुट्टीवर गेलेल्या व्हिल्यांत एकटाच शिरायचो.
सोफ्यांवर पांढऱ्या चादरी, घड्याळं चालू,
वरच्या मजल्यावर काहीतरी सरकतंय.
मला ठाऊक असायचं: डक्टचा पत्रा थंड होतोय.
भीती अशी कामावर फुकट घालवायची नसते,
गुरुवारपर्यंत राखून ठेवायची.

खोलीत सहा जण, टीव्ही एक, व्हीसीआर भाड्याचा.
हर्णैचा इद्रिस मुकादम भिंतीला पाठ लावून बसे,
आधीच सांगे, "आता येतंय बघ,"
आणि आलं की सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडे.
पेडणेकर चष्मा काढून बघायचा.
धूसर भूत परवडतं म्हणे.
आम्हाला दिसायचं सगळं:
रक्ताला लागलेल्या माश्या,
हनुवटीखाली सुटलेली मुखवट्याची कड,
वटवाघळाची दोरी,
आणि अमावस्येच्या स्मशानात, पार मागं,
सायकलवरून जाणारा एक दूधवाला.
तो आला की टाळ्या.
वाईट सिनेमावर असा जीव लावता येतो,
चांगल्यावर नाही, तिथं आदर आड येतो.

पुस्तकंही होती. गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत,
लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेल्या लुंगीत,
पिवळ्या कागदाच्या भयकथा, तेलाचे डाग पडलेल्या.
एकीचं शेवटचं पान नव्हतंच.
शेवट इद्रिस सांगायचा, दर वेळी वेगळा.
एकदा त्यानं खुनी म्हणून बीरानक्कालाच धरलं.

तर ४१७.
लेबल घामानं पुसलेलं, नाव कुणालाच माहीत नाही,
डबिंगवर डबिंग होऊन भाषाही धड नाही.
बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला चित्र फाटायचं.
रेघा, मुंग्या, आवाज पाण्याखालून.
हा विषय मला कळतो.
टेप झिजते ती पुन्हा पुन्हा मागं नेली की.
म्हणजे तिथंच असणार ते,
ज्यासाठी अख्ख्या रूवीनं बटण दाबलं.
मुंडकं, नाहीतर अंघोळ.
बीरानक्काला विचारलं.
म्हणाला, "दुसरी कॉपी नाही. हीच जास्त जाते,"
आणि खोकला.

एका गुरुवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.
व्हीसीआर उघडला, हेड स्पिरिटनं पुसलं,
ट्रॅकिंगचं चाक केसाएवढं फिरवलं,
आणखी केसाएवढं.
रेघा खाली सरकल्या.

एक बाई.
भूत यायला अजून अर्धा तास.
कुकरचं झाकण काढते, वाफ तोंडावर येते,
आणि मागं न बघता
दारातून आलेल्या कुणालातरी काहीतरी विचारते.
पेडणेकर म्हणाला, "हात धुतलेस का, म्हणतेय."
इद्रिस म्हणाला, "हो."
कुणाला म्हणाला, कळलं नाही.
नऊ सेकंद. बस.
पुढचे सात खून
कोरे करकरीत, जणू कुणी पाहिलेच नव्हते.

पेडणेकरनं चष्मा लावला.
"मागं घे," म्हणाला.
मी, ज्यानं बावीस महिने
फरशीलगतच्या रांगेसाठी गुडघे झिजवले,
त्यानं मागं घेतली.
मग परत.
मग खालच्या मजल्यावरचे दोघं कशाला तरी वर आले,
त्यांच्यासाठी परत.

शनिवारी कॅसेट द्यायला गेलो.
रिवाइंड करायची राहिली होती.
बीरानक्कानं ती उजेडात धरली,
खिडकीतून दोन्ही रिळं पाहिली,
कुठं थांबलीय ते पाहिलं.
माझ्या हातात शंभर बैसाची नोट तयार.
त्यानं ती घेतली नाही.
४१७ खालच्या रांगेत ठेवायला
तो गुडघ्यांवर बसला,
आणि बराच वेळ तिथंच होता.