आधी कंदील

विश्रामबागेत फ्लॅटांचं पेव फुटलंय,
त्यातले अकरा बघून झाले.
सगळ्यांना तीच खिडकी, तोच ग्रॅनाइटचा ओटा,
तेच "मॅडम, हवा किती खेळती आहे बघा."

बारावं हरिपूर रस्त्याला,
चिंचा संपता संपता आत वळून.
एजंट म्हणाला, हे नुसतं दाखवतो,
घेणार नाही तुम्ही.

दार उघडेना.
आतून आवाज आला,
"उचला. मग ढकला."
उचललं, ढकललं
आणि आम्ही तिघं थेट शिरलो
आरवाड्यांच्या चहाच्या वेळेत.

शशिकांत आरवाडे, वय एकोणऐंशी,
हळदीच्या अडतीत बावन्न वर्षं दिवाणजी.
किमतीच्या आधी दोष सांगितले,
बोटांची पेरं मोजत, खतावणीतून वाचावेत तसे:
स्वयंपाकघर ईशान्येला उतरतंय,
संडासाचा दिवा न्हाणीतल्या बटणावर,
आषाढात माडीचं दार फुगतं,
मग वर असाल तर वर, खाली असाल तर खाली.
"आणि कृष्णामाई.
दरवर्षी नाही येत.
पण आली की उंबऱ्यात थांबत नाही,
घरचीच आहे ती."

भिंतीवर तिच्या रेघा,
चौकटीला पोरांची उंची लिहितात तशा,
शेजारी पेन्सिलीत साल.
एकोणीसची माझ्या खांद्याला लागली.
सुहास म्हणाला, चल.
मी म्हटलं, कपाट कुठल्या भिंतीला?

पहिले दोन महिने घर आम्हाला
अहो-जाहो करत होतं.
ओट्यावरून निसटलेलं लिंबू
न चुकता त्याच कोपऱ्यात सापडे,
मग तिथं टोपलीच ठेवली.
मिरजेहून वायरमन आला, रियाज मुजावर,
काळं गोल बटण उघडून बघत राहिला,
परत झाकलं. "ताई, हे आमच्या उस्तादच्या
उस्तादनं बसवलेलं. पुढच्या वेळी बघू."
पैसे घेतले नाहीत. पुढची वेळही आली नाही.

भिंती पुसल्या, चुना दिला,
तरी कपड्यांना वास येतच राहिला.
ऑफिसात कुन्नुरे मॅडम वाकून हुंगून म्हणाल्या,
"कुणाची हळद होती गं काल?"

मागं अंगणात, फरशीखाली, पेव आहे.
पाच सालच्या पुरानं त्यात पाणी शिरलं,
तेव्हापासून रिकामं.
एका रविवारी आरवाडे आले,
मुलाच्या स्कूटरवर मागं बसून,
मांडीवर कंदील.
"आधी हा उतरतो. विझला, तर आपण उतरायचं नाही.
कुठल्याच जागेत."
दोर सोडत गेले. ज्योत आखडली,
मोहरीएवढी झाली,
आम्ही सगळे पोटातला श्वास धरून.
मोहरीएवढीच राहिली.

सुहास उतरला.
खालून त्याचा आवाज आला, पण
लग्नाआधीचा, सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा:
"गार आहे गं इथं!"
वर आला तेव्हा मुठीत एक हळकुंड,
भेगेत अडकून राहिलेलं,
दगडासारखं.

आरवाड्यांनी ते नखानं खरवडलं, हुंगलं.
खरेदीखत त्यांनी स्वतः तीनदा वाचलं होतं,
झाडं, आड, पायऱ्या, सगळं त्यात होतं.
"हे त्यात नव्हतं," ते म्हणाले.
"नेऊ का?"

निघताना त्यांनी दार उचललं, मग ओढलं.
दार आम्ही मागच्याच आठवड्यात तासून घेतलं होतं,
ते इतकं हलकं निघालं
की त्यांचा तोल गेला.
सुहासनं दंड धरला.
चौकटीखालच्या ताज्या, पिवळट लाकडावर
ते जरा वेळ बोट फिरवत राहिले.

मी म्हटलं, पावसात फुगेल परत.
"फुगेल," ते म्हणाले,
खिसा चाचपत पायऱ्या उतरले,
"फुगेल की."