डबे

आंबिल ओढा उतरला तेव्हा
ढमढेरेंच्या गिरणीत सदतीस डबे चिखलात उताणे.
झाकणांवरची ऑइलपेंटची नावं धुऊन गेलेली.
भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या खांद्याइतकी.

रुक्साना म्हणाली, हा माझा.
पोचा आहे ना, नवरा चिडला होता तेव्हाचा.
कुणी कडीला बांधलेल्या तारेवरून ओळखला,
कुणी डालड्याच्या पुसट माडावरून.

इंदूताईंचा डबा मागायला कोणी आलं नाही.
आम्हीच उघडला.
आतल्या गव्हाला मोड आलेले,
बोटभर, पांढरे.

पंचनाम्याला आलेल्यानं विचारलं, नुकसान?
लिहा, मोटर एक. पट्टे दोन.
मग ढमढेरे थांबले.
दळण नका लिहू. ते माझं नव्हतं.

वीज यायला सतरा दिवस लागले.
तोवर ते तळीला टाकी लावत बसायचे,
दांडेकर पुलापर्यंत ऐकू यायचं, टक् टक्.

पहिल्या दळणात कच येणार,
म्हणून कुणी पुढं होईना.
शेवटी सगळ्यांनी मूठमूठ टाकलं,
रेशनचे गहू, मदतीतले तांदूळ,
रुक्सानानं पिशवी झटकून उरलेली बाजरी.

निघालं ते करडं, दाताखाली कचकचणारं.
खायचं नव्हतंच.
त्याची खळ शिजवली,
पोरांच्या भिजून वाळलेल्या वह्यांची पानं फाडली,
नावं लिहून डब्यांना चिकटवली.

इंदूताईंचंही लिहिलं.
शाई जराशी फुटली.
तो डबा ढमढेरेंनी फळीवर ठेवला,
रेघेच्या वर.