चूकभूल द्यावी घ्यावी

हलमध्ये, जुन्या धक्क्यालगतच्या सभागृहात
गारसाइड बाईंचा निरोप समारंभ.
कोमट वाइन, काकडीची सँडविचेस,
कुलगुरूंचं लांबलेलं भाषण.

एकेचाळीस वर्षं त्या एकाच ओळीपाशी बसल्या,
देशांच्या ताळेबंदातली अगदी तळाची,
न जुळलेलं सगळं जिच्यात ढकलून देतात.
"यांनी पाठवलं म्हणतात, त्यांना पोचलंच नाही.
मग मधल्या समुद्रात राहतं कोण?"
पहिल्याच तासाला विचारलेलं.
मी वहीत उतरवून घेतलं,
प्रश्न म्हणून नाही, पत्ता म्हणून.

वडील त्यांचे याच धक्क्यावर
खडूनं पेट्या मोजायचे,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
लेकीच्या प्रबंधांच्या समासातही
पेन्सिलीनं त्याच रेघा.

एकदा मी सांगितलं, कराडच्या आमच्या दुकानात
बिलाखाली छापलेलं असतं: चूकभूल द्यावी घ्यावी.
तीनदा म्हणून घेतलं त्यांनी.
'द्यावी'पाशी अडल्या.
"चूक देताही येते तुमच्याकडे?"
हो म्हणालो. तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

आज बोलायला उठल्या तर हातात कागद नाही.
आभार: ग्रंथालयातली मॉइरा, रात्रीचा झाडूवाला,
आकडे लपवणारे सगळे अर्थमंत्री.
मग माझ्याकडे बघून, यॉर्कशरी हेल काढून,
तेच तीन शब्द.
कुणाला कळले नाहीत. टाळ्या पडल्या.

निघताना, कोट अंगावर, ताटापाशी थांबल्या,
उरलेली सँडविचेस मोजली.
हिशेबापेक्षा दोन जास्त निघाली.
केवढ्या खूश झाल्या!