चार बोटं

हिंगण्याच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या बिस्किट कारखान्यामागे,
कवडूजी बोरकुटेंनी माझ्या गाडीच्या पोटातलं
सगळं बाहेर काढून ठेवलंय:
गालिचा, छताचं कापड, मागची चिमुकली सीट,
सीटखाली सापडलेली मिथिलाच्या दातांच्या तारेची डबी.
मे महिना. पत्र्याखाली सत्तेचाळीस.
एकुलत्या कूलरचं तोंड वेल्डिंग मशीनकडे.

"बोला डॉक्टरीनबाई, कोनता टाकू?"

जमिनीवर खडूनं तीन पिंजरे काढलेत.
पहिला बोल्टांनी आवळायचा, सीटमागे कमान अन् दोन तिरके टेकू;
हवा तेव्हा काढा, भाजी आणायला जा.
दुसरा दारांतूनही आडवा जातो,
म्हणजे साडी नेसून उतरणं विसरायचं.
तिसरा जोडूनच टाकायचा, हाडाला हाड,
मागच्या चाकांपासून पुढच्या काचेपर्यंत.
तो एकदा बसला की बसला.

मी पाइपचा तुकडा हातात घेते.
बिनसांध्याचा, अडतीसचा, भिंत अडीच मिलिमीटर.
वाटलं होतं त्यापेक्षा हलका.

"गेटाचे पाइप आमी कन्हानची रेती भरून वाकवत होतो,
तापवून. हे तसं नाही.
ह्याले थंडच वाकवा लागते.
अन् वाकल्यावर अंगाले सुरकुती आली
का फेकून द्या, मंग किती का महाग असंना."

धंतोलीत बावीस वर्षं मी माणसांना भूल देते.
रात्री अडीचला येणारी डोकी मला माहीत आहेत,
वर्धा रोडवरची, दुभाजकावरची,
हेल्मेट आरशाला लटकवून निघालेली.
म्हणून खडूच्या चित्रात नाही ते मला दिसतं:
ट्रॅकवर, पट्टे आवळून, हेल्मेट चढवून बसलं
तर जी नळी छत पेलून धरेल,
तीच, शंकरनगरच्या सिग्नलला मागून कुणी ठोकलं
तर उघड्या कवटीला सगळ्यात आधी भेटेल.
फोम लावतात. लावतातच.
फोम म्हणजे दिलगिरी.

"बसा आत. टोपडं घाला."
मी बसते. हेल्मेटमध्ये माझाच श्वास मोठा ऐकू येतो,
रोज दुसऱ्यांचा ऐकते तसा.
पोऱ्या नळीच्या जागी वेळूची काठी धरतो.
कवडूजी काठी आणि माझं डोकं यांच्यामध्ये
काजळी माखलेला हात घालतात:
एक, दोन, तीन, चार.
"चार बोटं. पुरते, बाप्पा."

बाहेर, आता जमिनीवर असलेल्या मागच्या सीटवर
मिथिला पाय पसरून फोन बघतेय.
दहा वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय तिथे मावलेत.
मान वर न करता म्हणते,
"आई, पूर्णच कर. अर्धं काही करू नको.
आणि मला स्कूटर घे. हेल्मेटसकट."

म्हणजे तिसरा.
म्हणजे ही गाडी आता धंतोलीत येणार नाही,
सेमिनरी हिल्सच्या वळणांवर पहाटे फिरणार नाही.
नागपुरात ट्रॅक नाही.
ती ट्रेलरवर चढून अकराशे किलोमीटर जाईल, चेन्नईला,
वर्षातून दोनदा, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांसाठी,
आणि मी मागून रेल्वेनं, खालच्या बर्थवर.
हिशेब कुणाला सांगण्यासारखा नाही.

कवडूजी खडूचे पहिले दोन पिंजरे चपलेनं पुसतात.
मग जरा लाजल्यासारखे सांगतात,
तपासणीवाले एका नळीला बारीक भोक पाडायला लावतात,
आतली भिंत खरंच किती जाड, ते बघायला.
"एवढं मजबूत काम, अन् त्याले भोक!"

पाडा, मी म्हणते.
आम्हीही तेच करतो,
सुईएवढ्या जागेतून आत शिरतो
आणि तेवढ्यावर माणसाचं काय ते ठरवतो.
डाव्या खांद्यामागे पाडा, मला दिसणार नाही असं.

हेल्मेट काढते. केस चिप्प ओले.
ॲडव्हान्स किती, विचारते.