ऐंशी दिशा

उदगीरच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
ज्या खोलीला आम्ही लॅब म्हणतो आणि शिपाई स्टोअर,
तिथं मी एका चौकोनी ठोकळ्यात न्यूट्रॉन सोडते.
ठोकळा मशीनच्या पोटातला. न्यूट्रॉनही.
खरी फक्त डाळमिलची भुशी,
जाळीतून येऊन कीबोर्डवर बसणारी.

समीकरण एका ओळीचं:
आले किती, गेले किती, धडकले किती,
धडकून भलत्याच वाटेला लागले किती.
किराण्याची वहीच म्हणा,
फक्त पानं अनंत,
कारण प्रत्येक बिंदूपाशी प्रत्येक दिशेचं खातं वेगळं.

अनंत आमच्या मशीनला परवडत नाही.
कदीर सर म्हणाले, आठ घे सुरुवातीला.
आठ दिशा. वास्तुवाल्यांच्या नव्हेत;
ठोकळ्याच्या कोपऱ्यांकडे तोंड केलेल्या,
चार वर, चार खाली.

मग झाडणं.
ज्या कोपऱ्यातून वारा येतो तिथून धरायचं,
एकेक चौकट ओलांडत पुढं.
सगुणामावशी सकाळी व्हरांडा असाच झाडतात.
उलटीकडून धरलं तर कचरा आपल्याच तोंडावर,
हे त्यांना कुठल्या प्रबंधात वाचावं लागलं नाही.

फेरी सदतीस. फेरी अडतीस.
मागच्या उत्तराशी नव्याचा फरक
दशांशचिन्हामागं एकेक शून्य कमावतो.
शोषण कमी असलं की रात्र जाते.
न्यूट्रॉन मरत नाहीत, नुसते धडकत राहतात,
निघतो निघतो म्हणत दारातच बोलत उभ्या
पाहुण्यांसारखे.

फेरी दोनशे बाराला लाइट गेली.
यूपीएस अकरा मिनिटं ओरडला.

दुसऱ्या रात्री उत्तर जुळलं, आणि चुकलेलं होतं.
स्रोतापासून निघालेले उजेडाचे फाटे,
फाट्यांच्या मधे काळोख.
आडवं काहीच नाही, भिंत नाही, शिसं नाही,
तरी त्या कोपऱ्यात शून्य.

रात्रपाळीचे वाघंबरकाका डोकावले.
"काय करायलाव मॅडम?"
दाखवलं.
"आमच्या टॉर्चवानीच झालं की.
मी आठ जागी मारतो. मधात जे आसंल ते आसंल."
आणि चोर?
"चोराला ठाव आसतंय ना, मी कुटं मारतो."

न्यूट्रॉनला ठाव नव्हतं.
तो तिथं होता.
मीच त्या वाटेनं गेले नव्हते.

चोवीस केल्या. मग ऐंशी.
फाटे बारीक झालेत, गेले नाहीत.
हद्दीवर निर्वात ठेवलाय:
बाहेर पडला तो परत यायचा नाही, हा नियम.
कदीर सर मार्चमध्ये निवृत्त होऊन
हैदराबादला लेकीकडे गेले.
रविवारी फोन करतात. "जुळलं का?"
"जुळायलंय, सर."

आज पहाटे खिडकीवर उजेड हलला.
खाली वाघंबरकाका
सायकल स्टँडच्या मागं, टाकीच्या बुडाशी
टॉर्च मारत उभे, जिथं कधीच मारत नाहीत तिथं.
कुत्री व्यालेली.
पाच पिलं, डोळे उघडलेली.