शेरा

एकतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, मोठ्या खिडकीच्या उजेडात.
शाई पसरली, आकडा घसरला, किनार चुकली
की लाल पेन्सिलीची फुली, बस.
तावाला काही विचारायचं नसतं.

पाथर्डी फाट्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
रुणाली गांगुर्डेनं हातात फॉर्म दिला.
"खैरनार मॅडम, घाई नको. सहा वर्षांचा आहे.
पिल्लू पुढं कसं निघेल सांगता येत नाही.
हा मात्र झालेलाच आहे."

झालेला कुत्रा.
मातकट, एका कानाला करवती कड,
छातीवर पांढरं, कुणी चुन्याचं बोट पुसावं तसं.
वहीत नाव 'बारदान',
कारण सापडला तेव्हा कांद्याच्या बारदानावर निजला होता.

आधी आडवं उभं राहायचं. डोळ्यांत बघायचं नाही.
तो आला, म्हणजे अर्धा आला,
माझ्या चपलेत शेजारची मांजर वाचली,
शेपूट मधोमध, ना वर ना पायांत.

मग पंजे. एकेक बोट उचलून पाहिलं,
तावाची कड पाहावी तसं.
मागचा डावा पाय त्यानं काढून घेतला, दात न दाखवता,
आणि जरा वेळानं स्वतःच परत ठेवला.
याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

काठीला बांधलेला रबरी हात त्याच्या ताटलीत घातला.
तो खायचा थांबला. ताठ झाला.
मी श्वास मोजले: एक, दोन, तीन, चार.
मग त्यानं रबरी बोटांमधला भात
जिभेनं वेचून खाल्ला.

छत्री उघडली: दचकला, मग जवळ जाऊन हुंगली.
वॉचमन हेल्मेट घालून आला: दोनदा भुंकला, झालं.
स्टीलचं ताट पाडलं: फक्त फाटका कान वळला.
"एकदम गुणी," म्हणत रुणालीनं पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात देवळालीकडे तोफ.

खरं सांगते, मला ऐकूच आली नाही.
मी भगूरची. तिथंच जन्म, तिथंच घर.
सरावाच्या दिवशी आमच्या फडताळातले पेले
आपसात बोलतात, दुधावरची साय थरथरते,
कुणी मान वर करत नाही.
मला कळलं ते साखळीतून.
हाताला एक हिसका, मग काहीच नाही.
बारदान बाकाखाली, भिंतीला चिकटलेला,
स्वतःच्या निम्म्याएवढा.

दुसरी. तिसरी.
फरशीवर लाळेचा ओघळ.

"घर कुठं म्हणालात तुमचं?"
मी सांगितलं.
ती काही बोलली नाही. शहाणी पोर.

भाऊ मखमलाबादला, द्राक्षबाग आहे.
पण घड भरले की पाखरं हाकलायला तिथं फटाके.
मावसबहीण पंचवटीत, वरातींच्या रस्त्यावर.
पुतण्या ओझरला, डोक्यावरून विमानं.
साठ वर्षं या मुलखात राहिले,
तो इतका वाजतो हे आज कळलं.

फुली मारणं सोपं होतं तेव्हा.
खोट तावात असायची.
इथं ताव चोख आहे,
टेबल हलतंय.

मी बाक सोडून खाली फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले.
पाठ त्याच्याकडे. हात लावला नाही.
सराव कधी थांबला
ते त्याच्या श्वासावरून समजलं.

शेवटी छापलेलं: योग्य / अयोग्य. नको ते खोडा.
दोन्ही तसंच ठेवलं. शेऱ्यात लिहिलं:
कुत्रा पास. घर नापास.
खिडक्यांना जाड काच बसते का, विचारून येते.
तोवर सरावाच्या दर दिवशी
सकाळी दहाला मी इथं, बाकाजवळ, खाली.

"शेरा एका ओळीत बसवायचा असतो, मॅडम."
म्हटलं, मग ओळ वाढवा.